करंज तोडण्याचा अर्ज

कानडी मुलखातल्या हूटगळ्ळीतील माझे शेजारी धंद्याने शिंपी आहेत आणि त्यांना स्वस्थ बसणे ठाऊक नाही. बोलतानाही ते हवेत वितीने कापड मोजतात. धूळ नको म्हणून त्यांनी अंगणभर सिमेंट घातले. ते तापू लागले, तेव्हा दुपारभर त्यावर बोअरचे पाणी मारू लागले. भूजल खाली गेले, म्हणून बोअर आणखी खोल नेली आणि अंगणातला करंज वाळू लागला.

मग ते कचेरीबाहेरील माझ्या अर्ज लिहून देण्याच्या टेबलापाशी आले.

"सार, स्वल्प घाई करा. झाड वाळलंय, अंगावर पडंल. तोडायची परवानगी मागा."

कारण आणि परिणाम क्रमाने मांडणे हे माझे शास्त्र. मी लिहिले व मोठ्याने वाचले: सावली गेल्याने जमीन तापते, तापल्याने पाणी अधिक लागते, पाणी उपसल्याने झाड वाळते, झाड वाळल्याने सावली जाते.

"अय्यो, हे फिरून तिथंच आलं की! आणि तोडलं तर?"

"तर अधिक वेगाने फिरेल. पूर्वी सावली ओल राखत होती आणि ओल सावली. तेही चक्रच, परंतु सावरणारे."

सही न करताच ते निघून गेले.

दुसऱ्या दुपारी पंपाचा आवाज आला नाही. त्या शांततेने अस्वस्थ होऊन मी कुंपणावरून डोकावलो. ते पहारीने करंजाच्या बुंध्याभोवतीचे सिमेंट फोडत होते. हात न थांबवता म्हणाले, "सार, तो अर्ज फाडू नका हं. हे जगलं नाही तर लागंल."