आईसाठी लिहिलेला प्रोग्राम

नागपूरला मिहानमधल्या ज्या कंपनीत मी काम करते, तिथे दिवसभर कानावर पडणारा शब्द म्हणजे 'युजर'. युजरला हे बटण सापडेल का, युजर इथे कंटाळेल, युजरला एवढं कळत नाही. इतक्या वर्षांत त्या युजरला मी कधी पाहिलं नव्हतं. तो कुठेतरी आहे असं धरायचं आणि कोड लिहायचा. मग आईला लकवा मारला.

तिचा उजवा हात आणि पाय हळूहळू सुधारले, पण शब्द गेले. समोरच्याचं बोलणं तिला सगळं कळायचं, बातम्या कळायच्या, मी फोनवर हळू आवाजात तिच्याबद्दल बोलत असले तर तेही कळायचं. बोलायला तोंड उघडलं की मात्र एकच शब्द बाहेर पडायचा, "तेच". पाणी हवं असलं तरी तेच, पंखा बंद करायचा असला तरी तेच. आपण भलतंच बोललो हे तिला स्वतःलाही ऐकू यायचं. मग ती कपाळावर हात मारायची आणि चिडून पुन्हा म्हणायची, "तेच! तेच!" जरीपटक्याच्या बाजारात जिचा आवाज भाजीवाल्यांना लांबूनच ओळखू यायचा, ती बाई हळूहळू तोंडच उघडेनाशी झाली. कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून निजायची.

बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी कामावर गेले की आईजवळ तिची बहीण, माझी मावशी असायची, रोज सकाळी कामठीहून ऑटोनं यायची. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सुचवलं, की टॅबलेटवर चित्रं ठेवा, त्यांना बोट लावून सांगता येईल. बाजारात तशी ॲप होती, पण एकही मराठीतलं धड नव्हतं. म्हटलं, आपलंच तर काम आहे. सुटीच्या दिवशी बसून मीच एक प्रोग्राम लिहिला. मोठे चौकोन, ठळक चित्रं, डाव्या हाताला सोयीची मांडणी. चौकोनाला बोट लावलं की यंत्र बोलायचं, 'मला पाणी हवे आहे.' 'मला औषध हवे आहे.' 'मला वेदना होत आहेत.'

मावशीनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती दचकली. "हे कोण बाई बोलून राहिली वं? बँकेतून फोन आल्यासारखी!"

आईला हसू आलं. पण तिने दोन-चार वेळा बोट लावून पाहिलं आणि टॅबलेट बाजूला सारला. मी रोज तो चार्ज करून तिच्या उशाशी ठेवायची, ती रोज तो पालथा घालायची. मला वाटलं, तिला जमत नाहीये. मी चौकोन आणखी मोठे केले, रंग बदलले. ऑफिसात युजर अडला की आम्ही हेच करतो.

एका संध्याकाळी मी कामावरून आले, हातपाय धुतले आणि लॅपटॉप उघडून बसले. आईनं आपण होऊन टॅबलेट ओढला आणि ताटाच्या चित्रावर बोट ठेवलं. 'मला जेवायचे आहे,' यंत्र म्हणालं. मला केवढा आनंद झाला! लगबगीनं भाकरी आणि वांग्याची भाजी वाढून आणली. तिने ताट ढकललं आणि पुन्हा बोट ठेवलं. 'मला जेवायचे आहे.' मी भाकरी कुस्करून दिली. तिने मान हलवली. मग मी वरणभात आणला. आता ती भयंकर चिडली. एकदा चित्रावर बोट, एकदा माझ्याकडे बोट. "तेच! तेच!" शेवटी तिने माझं मनगट धरलं आणि माझाच हात ताटात नेऊन ठेवला.

ती मला विचारत होती, जेवलीस का?

ही बाई जन्मभर कोणाला पाणी मागत नव्हती, आपलं आपण उठून घ्यायची. औषध दुखणं असह्य झाल्याशिवाय घेत नव्हती. दिवसभर बोलायची ती दुसऱ्यांशी, दुसऱ्यांबद्दल. कोण जेवलं, कोण कुठे निघालं, कोण कशाला रुसलं. आणि मी तिच्यासाठी जी भाषा लिहिली होती, तीत एकही प्रश्न नव्हता. फक्त मागण्या होत्या. आजारी माणूस म्हणजे मागणारा माणूस, असं मी न विचार करता धरून चालले होते. मग जेवलेच. आई समोर बसून बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी सगळी वाक्यं पुसून टाकली. मावशीचा आणि आईचा आवाज इतका सारखा, की फोनवर कायम घोटाळा व्हायचा, म्हणून मावशीला माइकसमोर बसवलं. ती पदर सावरून पुस्तकी मराठी बोलायला लागली, "आपण जेवण केले का?"

"तसं नाही वं मावशी," मी म्हटलं. "आई बोलते तसं बोल."

"मंग तसं सांग ना!" म्हणाली, आणि सुटलीच. "जेवली का वं?" "काहून आली नाही इतके दिवस?" "बस गा, चहा घेऊन जा." "हळू चालव वं गाडी." "खोटं नको बोलू." मध्येच कुकरची शिटी झाली, तीही तशीच राहू दिली. आई पलीकडून हातवारे करत होती. अजून हवं होतं तिला. शेवटी कशाचंही कारण विचारायला नुसतं "काहून?" असं एक वेगळं बटण केलं.

ते बटण तिने इतकं वापरलं की आम्हाला नको नको झालं. मी गाडीची किल्ली उचलली की "काहून?" मावशी लवकर निघाली की "काहून?" शेजारचे काका भेटायला आले तेव्हा ती भिंतीकडे वळली नाही. टॅबलेट म्हणाला, "बस गा, चहा घेऊन जा," आणि काका बसले. बराच वेळ बसले.

बोलण्याचे व्यायाम चालूच होते. काही महिन्यांनी एकेक शब्द परत यायला लागला, तुटक, धापा टाकत. पूर्वीसारखं बोलणं आलं नाही, येणारही नाही बहुतेक. पण टॅबलेट आता बराच वेळ कपाटात असतो.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तो प्रोग्राम दुसऱ्या घरांसाठी मागितला. मी त्यातले आवाज काढून चौकोन रिकामे ठेवले. ज्याचं त्यानं आपल्या माणसाच्या आवाजात भरावं. ऑफिसात कोणी पाहिलं तर म्हणेल, अर्धवट आहे. मला तो आता कुठे पुरा झाल्यासारखा वाटतो.

परवा आम्ही दोघी त्या बाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. आतमध्ये एक सिंधी आजोबा होते, सोबत त्यांची बायको. आतून तिच्याच आवाजातलं एक वाक्य यंत्रातून ऐकू आलं आणि पाठोपाठ दोघंही मोठ्यानं हसली.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "काय... म्हणे?"

"माहीत नाही वं," मी म्हटलं. "मले सिंधी नाही येत."

तिला ते पटलं नसावं. शब्द शोधत ती म्हणाली, "तूच... बनवलं ना?"