दोन जावांचा प्रचार

रंभाबाईने सरपंचपदाला उभं राहायचं ठरवलं ते रागाच्या भरात. तो राग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, म्हणून आधी तोच सांगते.

आमचं गाव बुऱ्हाणपूरहून निंबोल्याकडे जाताना लागतं. तेव्हा गावची सरपंच होती मालूबाई, पण फक्त कागदावर. खुर्चीत बसायचा तिचा मुलगा निरंजन. त्याचा केळीचा व्यापार. मालूबाईने पंचायतीची कचेरी आतून पाहिली असेल तर देव जाणे. एका ग्रामसभेत रंभाबाई उठली आणि तिने विचारलं, अंगणवाडीजवळचा हातपंप कधी दुरुस्त होणार? निरंजन गोड हसला आणि म्हणाला, "काकी, तुम्ही घरी जा. काकाले पाठवा."

सभेत हशा पिकला. माझं शिवणाचं दुकान तिच्या दारासमोरच. ती तडक माझ्याकडे आली, मशीनवर हात आपटला आणि म्हणाली, "आता त्या खुर्चीवर बाईच बसंल. नावाची नाही, खरी बसंल. आन ती मी!"

रंभाबाई पन्नाशीच्या पुढची. उंच, हाडापेराने मजबूत. केळीचे घड कापायला लागले की तिचा आवाज चार बागांपलीकडे ऐकू यायचा. मजूर तिला टरकून, भावकी टरकून, मीही टरकूनच. फक्त नवऱ्यापुढे, म्हणजे दगाभाऊंपुढे, तिच्या तोंडाला कुलूप. ते आले की डोक्यावर पदर आणि वाचा बंद. वाघिणीची अशी शेळी होताना पाहून माझा जीव चडफडायचा.

निवडणूक आली आणि सीट पुन्हा महिलेची निघाली. रंभाबाईने पदराआडून कसंबसं म्हटलं, "मी उभी राहू का?" दगाभाऊ एकदम खूश! त्यांनी नवा पांढरा झब्बा-पायजमा शिवायला टाकला आणि चहाच्या टपरीवर सांगून आले, "आपण सरपंच होऊन राहिलो." पोस्टर छापून आले. त्यावर दगाभाऊंचा हात जोडलेला हा एवढा फोटो, आणि रंभाबाई कोपऱ्यात, तिकिटाएवढी.

दगाभाऊंचा धाकटा भाऊ जीवन. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांची बोलाचाली बंद. मोठा सरपंच होणार म्हटल्यावर धाकट्याच्या पोटात दुखलं. त्यानेही बायकोचा, वैजयंतीचा, फॉर्म भरून टाकला. आणि निरंजनने या वेळी आईऐवजी बायको पुढे केली, तेजस्विनी. रंभाबाईला निशाणी मिळाली चष्मा, वैजयंतीला ताला-चाबी आणि तेजस्विनीला हार्मोनियम.

आता आमच्याकडची एक रीत. घरची सून एकटी दारोदार फिरत नाही. हळदीकुंकू असो की कोणाच्या मयताला जाणं असो, जाऊ सोबत लागते. दोघा भावांनी पोस्टर काढले, रिक्षावर भोंगे लावले, पण बायका प्रचाराला कोणाबरोबर जातील याचा विचार एकाही शहाण्याने केला नाही. पहिल्या दिवशी सकाळी दोघी आपापल्या दारातून बाहेर पडल्या, एकमेकींकडे पाहिलं, आणि जोडीने निघाल्या! सवयच तशी. मीही मशीन बंद करून मागे गेले. असा तमाशा कोण सोडणार?

पहिल्या दारात रंभाबाई म्हणाली, "चष्म्याले शिक्का मारा बरं."

वैजयंती लाजत म्हणाली, "नाही तं मग ताला-चाबीले मारा."

गाव हसून हसून लोटपोट. लोधीपुऱ्यात दिलेल्या आमच्या लेकी फोन करून विचारायच्या, आज दोघी कोणत्या गल्लीत आहेत? पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढायची. दोघींना चहा एकाच ताटात यायचा. पण हसण्याला पहिला चटका दिला चंद्रभागा आजीने. तिने दोघींना ओट्यावर बसवलं आणि म्हणाली, "पोरीहो, शिक्का एकच आहे माह्या हातात. दोघीत अर्धाअर्धा कसा मारू? तुम्ही अशाच फिरसान आन निरंजन मधल्यामधे खुर्ची घेऊन जाईन."

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ ही म्हण काय आम्हाला ठाऊक नव्हती? पण नाव मागे घ्यायची तारीख निघून गेली होती. आणि नवऱ्यांना सांगणार कोण?

वैजयंती म्हणाली, "ताई, मी सगळ्यायले सांगते, तुम्हालेच द्या. तुम्ही मोठ्या."

मला वाटलं, सुटला प्रश्न. पण रंभाबाई ओट्याच्या कडेवर नखाने रेघोट्या मारत बसली. मग म्हणाली, "नाही. मी निवडून आली तं खुर्चीवर हे बसतीन. यायच्यापुढे माह्या तोंडातून शब्द निघत नाही, गावाले माहीत आहे. तू निवडून आली तं जीवनभाऊ बसाले जाईन. पण माह्यासमोर बसाची त्याची हिंमत नाही. सासू गेली तव्हा एवढासा होता तो. म्या आंघोळी घातल्या त्याले."

"पण ताई, तुम्हाले..."

"माले काय? बाई बसली पाहिजे. बस."

त्या खुर्चीसाठी ही बाई किती जळत होती ते मी पाहिलं होतं. पण तिचा हिशोब बरोबर होता. आमच्याकडे मोठी भावजय म्हणजे दिराला आईच्या ठिकाणी. तिच्यापुढे जीवन अजून विडीसुद्धा लपवतो.

दुसऱ्या दिवसापासून जी मजा सुरू झाली, तशी मजा मी जन्मात अनुभवली नाही! पुढे दगाभाऊंची रिक्षा ओरडत जायची, "चष्म्याला विजयी करा!" आणि मागून रंभाबाई वैजयंतीच्या पाठीवर हात ठेवून दारादारात हळूच सांगायची, "ताला-चाबी. घरात बोलू नका." चुलीपाशी, नळावर, केळीच्या बागेत, सगळीकडे बायकांची कुजबुज. बाईच्या पोटात गोष्ट राहत नाही म्हणणाऱ्यांनी आमच्या गावात यावं. एका पुरुषाला पत्ता लागला नाही!

मतदानाच्या दिवशी शाळेपुढे बायकांची रांग पार रस्त्यापर्यंत. दुपारी मतदान संपलं, दार लागलं आणि आतच मोजणी सुरू झाली. बाहेर सगळं गाव. जीवनचा एजंट सुनील खिडकीतून ओरडायचा, "हार्मोनियम पुढे!" थोड्या वेळाने, "ताला-चाबी बराबर!" मग पुन्हा, "हार्मोनियम!" निरंजनच्या माणसांनी ढोलाच्या दोऱ्या आवळल्या. दगाभाऊ नव्या झब्ब्यात टाचा उंचावून विचारत होते, "चष्म्याचं सांग ना रे, चष्म्याचं!" रंभाबाईने माझा हात इतका आवळला की बांगडी पिचली.

शेवटी सुनील खिडकीच्या गजांना लोंबकळून किंचाळला, "ताला-चाबी जीत गई!"

आम्ही बायका जी ओरडलो! चंद्रभागा आजी काठी टाकून टाळ्या वाजवत होती. वैजयंती रडत होती, रंभाबाई रडत होती, मीही रडले, लाज कशाची? तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "आन चष्म्याले किती?"

"एक," सुनील म्हणाला. टपरीवर दगाभाऊंना हो हो म्हणणारे पुरुष हार्मोनियमकडे गेले होते, आणि बायका ताला-चाबीकडे.

तोवर माणसांनी रिवाजाप्रमाणे करायचं ते केलं. जीवनला खांद्यावर उचललं, गुलाल टाकला, झेंडूचा हार त्याच्या गळ्यात. "सरपंच साहेब जिंदाबाद!" सरपंच बिचारी भिंतीला टेकून उभी. जीवन वरून हात हलवत होता आणि हसत होता.

रंभाबाई गर्दीत शिरली.

"जीवन!"

ढोल थांबला. गावासमोर तिने त्याला अशी हाक कधी मारली नव्हती.

"खाली उतर. कोण निवडून आलं रे?"

जीवन उतरला. मान खाली घालून म्हणाला, "ती."

"मग हार कोणाचा?"

त्याने मुकाट्याने हार काढून भाभीच्या हातात दिला. रंभाबाईने तो वैजयंतीच्या गळ्यात घातला, तिला पुढे ढकललं आणि म्हणाली, "आता वाजवा." असा ढोल वाजला म्हणता!

बायका वैजयंतीला घेऊन मिरवत निघाल्या. मी मागे वळून पाहिलं तर दगाभाऊ शाळेच्या पायरीवर एकटेच बसले होते. रंभाबाई त्यांच्याकडे गेली. मीही तिच्यामागे गेले आणि दोन पावलं अलीकडे थांबले.

दगाभाऊंनी मान वर केली नाही. "माले एकच मत पडलं? घरातून तू बी नाही देलं?"

रंभाबाईच्या डोक्यावरचा पदर गर्दीत केव्हाच पडला होता. तिने तो सावरला नाही. "तुम्ही कुठं उभे होते?" ती म्हणाली. "उभी मी होती."

मला वाटलं, दगाभाऊ आता ओरडतील. पण ती भर गावात त्यांच्या शेजारी त्याच पायरीवर बसली आणि म्हणाली, "ते एक मत माले तुम्ही देलं. लई बरं वाटलं."