माळ्याला विचारायचं राहिलं

पप्पा रिटायर झाले आणि त्यांचा दिवस काही केल्या सरेना. म्हणून मी त्यांना लॅपटॉपवर खुनाच्या तपासाचा एक गेम दाखवला. ते चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर होते आणि युनियनच्या कमिटीवरही. मी हिंजवडीला नोकरी करते. शनिवारी जेवणं झाली की चिंचवडच्या आमच्या घरात आम्ही दोघं टेबलाशी बसायचो.

गेममध्ये एका बेटावरच्या बंगल्यात मालकाचा खून झालेला असतो. संध्याकाळी बोट सुटायच्या आत तपास करणाऱ्यानं, म्हणजे आपण, खुनी कोण ते सांगायचं. प्रत्येक प्रश्नाला वेळ जातो, कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकतं. सगळ्यांना सगळं विचारणं शक्यच नसतं. गेम इंग्रजीत होता. मी भराभर मराठीत सांगायची, पप्पा प्रश्न निवडायचे. ते इतके रमले की मालकाच्या बायकोला वहिनी म्हणायला लागले. "वहिनींना विचार, ताट कुणी वाढलं होतं?" मला हसू आवरायचं नाही.

त्या शनिवारी वहिनी आणि पुतण्या यांच्यातच आमचा सगळा वेळ गेला. बंगल्याचा माळी राहिला. त्याच्या हातावर जखम होती.

"पप्पा, माळ्याचंच नाव देऊ," मी म्हणाले.

"त्याला विचारलं कुठं आपण?"

"वेळच संपला. आता नाव द्यावंच लागेल."

"मग दे."

उत्तर चुकलं. पडद्यावर माळ्याला बेड्या घालून बोटीत बसवलं. मी पुन्हा सुरुवात करणार, एवढ्यात पप्पांनी माझा हात धरला.

"राहू दे. एक माणूस असाच घालवलाय मी."

मग त्यांनी जे सांगितलं ते आईलाही माहीत नव्हतं. प्रेसवर एका पोराची बोटं गेली होती. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद केलेला निघाला आणि आळ आला पप्पांच्या शेजारच्या प्रेसवरच्या माणसावर. चौकशीला दोन साहेब आणि युनियनकडून पप्पा. शिफ्ट सुटत आली होती, कंपनीची बस गेटवर उभी होती. तो माणूस म्हणाला, "साहेब, त्याच्या आधी काय झालं ते सांगतो..." साहेब म्हणाले, "थोडक्यात सांगा." तो गडबडला, अडखळला आणि गप्प झाला. पप्पांनी सही केली आणि बस गाठली. त्या माणसाची नोकरी गेली.

"मी नुसतं म्हणायचं होतं, बोलू द्या त्याला. बस गेली असती, दुसरं काय झालं असतं?"

तो माणूस देहूचा. पुढच्या रविवारी पप्पा म्हणाले, "गाडी काढ." मी स्कूटर काढली. घर विचारत विचारत सापडलं. अंगणात तो शेंगा निवडत बसला होता. पप्पांना बघून उठला, खुर्ची पुसून दिली.

"या की राव. वाट चुकलात व्हय?"

चहा झाला, नातवंडांची चौकशी झाली. पप्पांनी कप खाली ठेवला.

"त्या दिवशी तुम्ही म्हणाला होता, त्याच्या आधी काय झालं ते सांगतो. काय सांगणार होता?"

त्यानं पुन्हा सूप मांडीवर ओढलं. शेंगांतले खडे वेचत राहिला.

"आता न्हाई आठवत."

"माझं चुकलं. मी तिथं होतो."

"व्हय, होता की." आवाजात राग नव्हता. "मी तुमच्याकडंच बघत होतो."

निघताना त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्यानं धरू दिला, एवढंच. येताना एका सिग्नलला मी मागे वळून विचारलं, "बरं वाटतंय ना?" ते म्हणाले, "त्याला सगळं आठवतंय गं."

त्यानंतर आम्ही तो गेम खेळलो नाही. हिवाळ्यात माझा साखरपुडा झाला. पप्पा स्वतः देहूला जाऊन त्या माणसाला आमंत्रण देऊन आले. कार्यक्रमाच्या दिवशी ते हॉलच्या दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. पंगती उठायला आल्या तेव्हा मी त्यांना जेवायला बोलवायला गेले.

"तुम्ही जेवून घ्या," ते म्हणाले, "मी बसतो अजून जरा."