बंद फाटकामागची दहा मिनिटं

आमच्या गाडीचं तोंड फाटकाकडे होतं आणि फाटक बंद असायचं. पुढे दुकान, मागे अंगण, अंगणात पत्र्याचं शेड आणि त्याखाली पांढरी गाडी. रोज सकाळी सात वाजता पप्पा तिच्यात जाऊन बसायचे, किल्ली फिरवायचे, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे आणि बंद करून बाहेर यायचे. गाडी जागची हलायची नाही. मी तेव्हा दहावीला होते.

गाडी घेतली तेव्हा मी बरीच लहान होते. पप्पांचं बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, आणि अळी न लागणाऱ्या बीटी कपाशीचे ते चांगले दिवस. आमचं गाव जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे. जूनमध्ये पाकिटांसाठी पहाटेपासून रांग लागायची, लोक रांगेत स्वतःऐवजी चपला ठेवून चहाला जायचे. त्याच दिवसांत गाडी आली.

पप्पांनी ती कधी एकट्याची मानली नाही. गावात कुणाच्याही मुलीचं लग्न असो, मारुतीच्या पारावरून नवरदेव मांडवात यायचा तो आमच्याच गाडीतून, आणि चालवायला पप्पा. नवरदेवाला उतरवलं की ते शर्टाच्या बाह्या दुमडायचे आणि पंगतीत वरणाची बादली घेऊन फिरायचे. "भाऊ, इकडे! भाऊ, आम्ही का सावत्र आहो?" अशा हाका यायच्या. गावात सगळे त्यांना भाऊच म्हणत. वाढून वाढून दमलेले पप्पा शेवटच्या पंगतीत जेवायला बसत, तेव्हाचा त्यांचा चेहरा मला आवडायचा.

मला मात्र गाडीतून उतरताना कुणी पाहिलेलं आवडत नसे. शाळा इंग्रजी माध्यमाची, तालुक्याच्या गावी. मी पप्पांना शाळेच्या अलीकडच्या वळणावरच थांबायला सांगायचे. त्यांना वाटलं असेल, पोरीला आपली लाज वाटते. तसं नव्हतं. मला कुणाच्याच नजरेत यायचं नसायचं. पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. बोंड बाहेरून हिरवंगार, हातात घेतलं तर भरलेलं, आणि फोडलं की आत गुलाबी अळी. लोक बोंडं पिशवीत घालून दुकानात आणायचे आणि काउंटरवर फोडून दाखवायचे. कुणी आरडाओरडा केला नाही. "पाहा भाऊ," एवढंच म्हणायचे आणि बोंडं तिथंच ठेवून जायचे. संध्याकाळी पप्पा तो ढीग सुपात भरून मागे नेऊन जाळायचे. दिवाळीनंतर लोकांचं येणंच कमी झालं. काहीजण तालुक्याच्या दुकानात जाऊ लागले.

त्या दिवसांत पप्पांनी गाडी काढणं बंद केलं. मम्मी म्हणाली, "बाजाराले तरी न्या. उभी राहून राहून सडून जाईन."

"लोकायच्या पऱ्हाटीत अळी, अन् मी काचा लावून हिंडू?" पप्पा म्हणाले.

ते मोटारसायकलने जाऊ लागले आणि मी एसटीने. गाडी उभी राहिली की मरते, एवढं मात्र त्यांना ठाऊक होतं. म्हणून रोज सकाळची ती दहा मिनिटं. फाटक उघडायचं नाही, कुणाला दिसू द्यायचं नाही, फक्त इंजिन चालू ठेवायचं.

मी त्यांना चहा नेऊन द्यायचे. एके दिवशी त्यांनी पलीकडचं दार आतून उघडलं. मी बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मग ते रोजचंच झालं. पप्पा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या पत्र्याच्या फाटकाकडे असे बघायचे, जणू पुढे रस्ता आहे. आणि बोलायचे. घरात ते बोलत नसत. दुकानात तर आता बोलायला कुणी नव्हतं. इंजिनाच्या आवाजात त्यांचं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत पोचत नसे, म्हणून असेल. मला उत्तर द्यावं लागत नव्हतं, तेही बरं होतं.

जानेवारीतल्या एका सकाळी ते म्हणाले, "ते लहान पाकीट आठवते तुले?"

आठवत होतं. बीटीच्या प्रत्येक पाकिटासोबत एक लहान पाकीट यायचं, साध्या कपाशीच्या बियांचं. लोक ते दुकानाच्या पायरीवरच टाकून जायचे. लहानपणी मी ती गोळा करून दुकान-दुकान खेळायचे.

"ते शेताच्या कडेनं लावाचं असते," पप्पा म्हणाले. "अळीले खायाले साधी पऱ्हाटी ठेवाची. म्हंजे ते बीटीले सरावत नाही. कंपनीच्या माणसानं मीटिंगमधी सांगितलं होतं. अन् मी लोकायले काय सांगो? फेका म्हणो. कडेले कायले अळ्या पोसता म्हणो."

मी म्हटलं, "सगळेच तसं सांगत होते ना पप्पा?"

"सगळेच सांगत होते. पण या गावात मी सांगितलं."

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि किल्ली फिरवली. दहा मिनिटं झाली होती. इंजिन बंद झाल्यावर चिमण्यांचा आवाज एकदम मोठा वाटला. हे त्यांनी मम्मीलाही सांगितलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

फेब्रुवारीत गाडी पहिल्यांदा चालू झाली नाही. तालुक्याहून बॅटरीवाले चाचा आले, स्कूटरवर दोन्ही पायांच्या मध्ये बॅटरी ठेवून. दाढी मेंदीने लाल, बोटं तेजाबाने काळी पडलेली. त्यांनी तारा जोडल्या, गाडी चालू करून दिली. तेवढ्यात दुकानातून हाक आली आणि पप्पा पुढे गेले.

चाचा मला म्हणाले, "बेटा, हे गाडी रोज चालू करता का तुम्ही?"

"हो. दहा मिनिटं."

"तेच तर गलत आहे. चालू करतानी जेवढी बॅटरी जाते, तेवढी दहा मिन्टात उभ्या गाडीत भरत नाई. रोज थोडी थोडी खाली होऊन राह्यली. पप्पाले सांग, एक तर हप्त्यातून एकदा घंटाभर रोडवर पळवा, नाई तर ही मायनसची तार काढून ठेवा अन् हातच लावू नका."

मी मान हलवली. पप्पा परत आले तेव्हा मी काही बोलले नाही.

मार्चमध्ये, माझी परीक्षा चालू असताना, गाडी पुन्हा बंद पडली आणि चाचा पुन्हा आले. मला बाजूला पाहून त्यांनी हळूच विचारलं, "सांगतलं ना बेटा पप्पाले?" मी म्हटलं, "हाव." मी सहसा घरातही हाव म्हणत नाही. त्या दिवशी म्हटलं.

सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत होतं. पप्पांनी फाटक उघडलं नसतं. त्यांनी तार काढून ठेवली असती, आणि सकाळी सात वाजता ते सरळ दुकानात जाऊन बसले असते.

एप्रिलच्या शेवटी एक काका दुकानाच्या पायरीपाशी येऊन उभे राहिले. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे. त्यांची सगळी कपाशी अळीने गेली होती, आणि चार महिन्यांत ते आमच्या पायरीला शिवले नव्हते. पप्पा काउंटरमागून उठून बाहेर आले.

"भाऊ, पोरीचं लगन धरलं," काका म्हणाले. "गाडी पाहजे. अन् चालवाले तुम्हीच."

"पाहजे म्हंजे? हे का विचाराची गोष्ट आहे?" पप्पा म्हणाले. मग घरात वळून ओरडले, "अवो, चहा टाक! साखर जास्त टाक!"

काका आत येऊन बसले, पूर्वी बसत तसे युरियाच्या पोत्यावर. दोघं पावसाबद्दल बोलले, जावयाच्या नोकरीबद्दल बोलले. कपाशीचं नाव कुणी काढलं नाही.

त्यानंतरचे आठ दिवस पप्पा वेगळेच होते. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडी धुतली, गाद्या झटकल्या, चारही दारं उघडी टाकून गाणी लावली. गाणी दुपारभर वाजत होती. मम्मी दारातून म्हणाली, "जसे का तुम्हीच नवरदेव!" पप्पा हसले. मला ते हसू आठवतं, कारण ते कितीतरी महिन्यांनी आलं होतं. उघड्या दारांमुळे गाडीच्या छतातला लहान दिवा जळत होता. उन्हात तो नीट दिसतही नव्हता, मला दिसला. चाचांचं बोलणं आठवलं. वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, आज नको, आज ते हसतायत. लग्न झालं की सांगू.

सकाळी पप्पांनी किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक टक. तिसऱ्यांदा तेवढंही नाही.

त्यांनी चाचांना फोन लावला. चाचा दुसऱ्या गावी कुणाचा ट्रॅक्टर चालू करून देत होते. तासाभरात येतो म्हणाले. तेवढ्यात काका आणि त्यांचा धाकटा भाऊ झेंडूच्या माळा घेऊन आले. फाटक कितीतरी महिन्यांनी उघडं होतं.

"बॅटरी उतरली," पप्पा म्हणाले. "तासाभरात होते चालू. थोडं थांबा."

धाकटा भाऊ म्हणाला, "काल तर दिवसभर गाणे वाजून राह्यले होते."

"त्याच्यानंच..."

"अन् रोज सकाळी सातले चालू होते की. गल्लीभर आवाज येते. आजच बरी उतरली!"

शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावत म्हणाल्या, "हाव ना, आमची तर झोपमोड होते तिच्यानं." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं.

पप्पांनी किल्ली त्यांच्यापुढे धरली. "तूच फिरवून पाह्य न बाबू. खोटं काऊन सांगीन मी?"

त्याने किल्ली घेतली नाही. काका इतका वेळ गाडीकडे बघत होते. ते भावाला म्हणाले, "चाल. मुहूर्त जाऊन राह्यला." आणि मग पप्पांकडे वळून, अगदी शांतपणे, "राहू द्या शेठ. ट्रॅक्टर आहे आमच्यापाशी."

त्यांनी पप्पांना शेठ म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. जाताना त्यांनी माळा परत नेल्या.

चाचा पोचले तेव्हा बॅन्डचा आवाज पारापासून निघाला होता. त्यांनी दुसरी बॅटरी लावली आणि एका झटक्यात गाडी चालू झाली.

"जा न भाऊ, जल्दी," चाचा म्हणाले. "अजून मांडवात नसन पोचले."

पप्पांनी गाडी बंद केली. "आता नेली तर म्हणतीन, गाडी चांगलीच होती, मनात नव्हतं."

चाचांना वाईट वाटलं असावं. हात पुसत ते म्हणाले, "मी तर बेटाले दोन डाव सांगतलं होतं. दहा मिन्टात बॅटरी भरत नाई म्हणून. तिनं नाई सांगतलं तुम्हाले?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"विसरले," मी म्हटलं.

"परीक्षा होती तिची," पप्पा चाचांना म्हणाले. बस, एवढंच. रागावले असते तर मी रडले असते आणि बहुतेक सगळं बोलून टाकलं असतं.

आम्ही लग्नाला पायी गेलो. ऊन डोक्यावर होतं. नवरदेव ट्रॅक्टरवरून उतरला होता, ट्रॅक्टरच्या पुढे झेंडूच्या माळा होत्या. अक्षता झाल्या, पंगत बसली. पप्पांनी नेहमीसारख्या बाह्या दुमडल्या आणि वरणाच्या बादलीला हात घातला. काकांच्या भावाने ती हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही काऊन त्रास घेता शेठ? बसा न तुम्ही."

कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. कुणीतरी पाण्याचा थंड ग्लास. तालुक्याहून आलेल्या दोन पाहुण्यांच्या शेजारी पप्पांना बसवलं आणि पहिल्याच पंगतीत वाढलं. काका स्वतः बुंदी घेऊन आले. "घ्या शेठ, संकोच नका करू." पप्पांनी ताटातलं सगळं संपवलं. दुमडलेल्या बाह्या त्यांनी जेवण झाल्यावर, हात धुताना सरळ केल्या.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी चहा घेऊन शेडमध्ये गेले. बॉनेट उघडं होतं आणि पप्पा पाना घेऊन वाकले होते. त्यांनी मायनसची तार सोडवली, फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली आणि बॉनेट लावलं. चहा उभ्यानेच प्यायले. मग कप माझ्या हातात देऊन दुकानात गेले. मी पलीकडच्या दारापाशी थोडा वेळ उभी होते.

पुढे मी अकरावीला शहरात गेले, नंतर पुण्याला. गाडी दोन वर्षांनी दुसरबीड गावच्या एकाने विकत नेली. दुकान चालू आहे. लोक येतात, बी नेतात. पप्पा आता प्रत्येकाला लहान पाकिटाबद्दल सांगतात, कडेने लावा म्हणतात. लोक "हाव शेठ" म्हणतात आणि पाकीट पायरीवर टाकून जातात. गावात लग्नं होतात, पप्पांना पत्रिका येते, खुर्ची मिळते. आता त्यांना भाऊ म्हणणारे दोन-तीनच म्हातारे उरले आहेत.

मी सुट्टीत घरी जाते तेव्हा आम्ही फार बोलत नाही. फोनवर ते विचारतात, जेवली का. मी हो म्हणते. बोलायला आमच्याजवळ दहा मिनिटं आणि इंजिनाचा आवाज होता. नंतर तसं काही मिळालं नाही. पप्पा मराठी छापलेलं सगळं वाचतात, बियाण्याच्या पाकिटावरच्या मजकुरापासून. म्हणून हे मराठीत लिहिलं.

पप्पा, मी विसरले नव्हते. चाचांनी सांगितलं त्याच दिवशी मला सगळं कळलं होतं. तार काढली की तुम्ही सकाळी गाडीत बसणार नाही, म्हणून मी सांगितलं नाही.