करंगळी

"बादली तिथे आहे, फडकंही आहे. आधी बाक पूस, मग फरशी."

मोठ्या बाईंनी भर वर्गात मला हे सांगितलं. अंगावर कारखान्याचा डगला, केसांत सुताचे तंतू. सायली गावच्या सूतगिरणीतून हाफ डे टाकून सिल्वासाच्या शाळेत धावत आले होते. सगळी पोरं बघत होती. माझी सहा वर्षांची मुलगी व्हरांड्यात गोणपाटावर उभी, ओला फ्रॉक पायांना चिकटलेला. आणि मी पुसलं. वर "सॉरी बाई" म्हटलं. त्या सॉरीची मला आजही चीड येते.

"ही करंगळी का दाखवत नाही? बाकीची दाखवतात ना?" मोठ्या बाईंनी विचारलं.

करंगळी दाखवायला आधी लागल्याचं कळायला हवं. तिला कळतच नाही. जन्मतः पाठीच्या कण्यावर गाठ होती. ऑपरेशनने जीव वाचला, लघवीची जाणीव मात्र आली नाही. नाव घालताना मी हे सांगितलं होतं, हॉस्पिटलची चिठ्ठीही दिली होती. कोणी वाचली असेल तर शपथ.

त्या दिवसापासून पोरगी वर्गात सतत डाव्या हाताची करंगळी वर धरून बसायला लागली. वर्गाच्या बाई म्हणायच्या, नाटकी आहे. घरी जेवतानाही बोट वरच. "माय, आता तर बाई नाही ना ओरडणार?" मी तिचं बोट धरून खाली केलं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

त्या काळी डायपर आम्ही पाहिलेही नव्हते. मग मुंबईच्या हॉस्पिटलातल्या नर्सने मला शिकवलं. दर तीन तासांनी हात साबणाने धुऊन बारीक नळीने लघवी काढायची. पाच मिनिटांचं काम, पोर कोरडी राहते. शाळेत फक्त दार लागणारी स्वच्छ जागा हवी होती. मुलींच्या मुतारीला दार नव्हतं. बाईंच्या संडासाला दार होतं, नळ होता आणि कुलूपही होतं.

"तो स्टाफसाठी आहे," चावी मागितली तशा मोठ्या बाई म्हणाल्या. शेजारी पालक मंडळाच्या एक मॅडम बसलेल्या, पुण्याहून आलेल्या इंजिनियरची बायको. त्यांना 'तुम्ही', मला 'तू'. मॅडमनी नाकाला रुमाल लावला. "आमच्या मुलांनी का सहन करायचं?" मुलगी त्या दिवशी शाळेत आलीच नव्हती. वास कशाचा येत होता त्यांना?

बाईंनी एक कागद पुढे सरकवला, सोबत शाईचं पॅड. "अंगठा लाव. दाखला देते."

मी सातवी पास आहे. कागद उचलून मोठ्याने वाचला. 'माझी मुलगी अस्वच्छ असल्यामुळे मी तिला स्वखुशीने शाळेतून काढत आहे.' तरी शेवटपर्यंत वाचला.

"अंगठा नाही अन् सहीपण नाही. माझी खुशी नाही यात. काढायचं तर तुमच्या सहीनं काढा. कारण लिहा, संडासाची चावी द्यायची नव्हती म्हणून."

मोठ्या बाईंनी कागद आणि पॅड परत ड्रॉवरमध्ये टाकलं.

कारखान्यातला सुपरवायझर म्हणाला, "बेन, रोज छुट्टी नहीं मिलेगी." शाळा सकाळची, म्हणून मी दुपारची पाळी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी दहाला मुलीला घेऊन कुलपासमोर उभी राहिले. पिशवीत साबण, उकळलेली नळी आणि घरचा वरवंटा.

"चावी द्या, नाहीतर फोडते."

चावी मिळाली. त्यांना दया आली नव्हती, त्या घाबरल्या होत्या. चालेल. त्या शाळेत मुलगी चौथीपर्यंत शिकली. मी रोज दहाला गेले आणि एक दिवसही वरवंटा घरी ठेवला नाही.