चिंधी बांधलेलं वाळूक

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी वाळकाच्या बियांची पुरचुंडी होती. बिया आईच्या. ती आदल्याच वर्षी गेली होती. मोडनिंबजवळच्या आमच्या रानात बाजरीच्या ओळींमधून ती वाळकाचे वेल सोडायची. लांबट, फिकट, अंगावर पट्टे. पिकलं की वेलावरच तडकायचं, आणि आतला गर रवाळ, आंबूस-गोड. नुसतं मीठ लावून भाकरीबरोबर खायचं.

नवरा जन्माने सोलापूरकर आणि नोकरीने कारकून. त्याच्या लेखी काकडी म्हणजे खिरा, हिरवागार आणि पाणीदार. वाळकाला तो ‘नापास झालेली काकडी’ म्हणायचा. मी तेव्हा नवी नवरी होते, पण ऐकून घेणारी नव्हते. म्हटलं, दोन्ही शेजारी शेजारी लावू, मग कोण पास नि कोण नापास ते ठरवू. त्याने बाजारातून खिऱ्याचं पाकीट आणलं, वर रंगीत चित्र असलेलं.

भाड्याच्या घरामागे दोन खाटा मावतील एवढी जमीन होती. मोरीचं पाणी तिथेच जायचं. कमरेएवढ्या भिंतीपलीकडे अक्का राहायची. तिचं घर विणकराचं, घरात बोलणं तेलुगू, आणि माग सकाळपासून खडखडायचा. भिंतीवर तिने दोसकायचा वेल चढवला होता. दोसकाय म्हणजे चेंडूएवढं पिवळं गोल फळ. ती लोकं ते वरणात घालतात, लोणचंही करतात. तर त्या एवढ्याशा जागेत तीन जातींचे वेल झाले.

मला पहिल्यापासून पानं उलटून बघायची खोड आहे. कुठलं फूल आधी उमलतं, मुंग्या कोणाकडे जास्त जातात, हे बघत मी धुणं तसंच टाकून बसायची. एकदा तिन्ही वेलांची पानं तोडून ओळीने मांडली. खिऱ्याचं पान कोनदार आणि खरखरीत. वाळकाचं आणि दोसकायचं मात्र गोलसर, मऊ, ओळखू येणार नाही इतकं एकसारखं. नवऱ्याला हे नवल दाखवलं तर त्याने पानांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहाचं काय झालं ते विचारलं.

निकाल असा लागला की खिरा दिसायला देखणा, चवीला सभ्य. अधूनमधून एखादा कडू निघायचा, मग नवरा देठ कापून त्यावर फेस येईपर्यंत घासत बसायचा. वाळूक आईच्या हातचंच निघालं. नवऱ्याने दोन खाल्ली आणि विषय बदलला.

आता बियाणं धरायचं. आई रानात काही ठरावीक वाळकांच्या देठाला चिंधी बांधायची. चिंधीच्या फळाला कोणी हात लावायचा नाही, ते बियाण्याचं. लहानपणी आम्ही समजायचो की ती दृष्ट लागू नये म्हणून बांधतात. म्हणून मीही दृष्ट लागेल असं सगळ्यांत मोठं, सगळ्यांत देखणं वाळूक निवडलं आणि जुन्या साडीची चिंधी बांधली. पुढे त्याच्या बिया धुतल्या, राखेत घोळल्या, वाळवल्या. दर वर्षी असंच केलं.

बहात्तर साली पावसाने पाठ फिरवली. रानात काही उगवलं नाही, गावच्या घरातलं उरलंसुरलं बी उंदरांनी संपवलं. माझे दोन खाटांएवढे वेल मात्र मोरीच्या पाण्यावर तगले. पुढच्या उन्हाळ्यात वडील एस.टी.ने आले. ते मुळात कमी बोलणारे. पाणी प्यायले, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग जमिनीकडे बघत म्हणाले, “तुज्याकडं तिचं बी हाय का गं?”

आई गेल्यापासून त्यांनी तिचा विषय काढलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी अख्खी पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. फार अभिमान वाटला मला त्या दिवशी. आईचं काहीतरी माझ्यापाशी जिवंत राहिलं होतं आणि ते मी तिच्या रानात परत पाठवत होते.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. भाद्रपद सरता सरता वडील भरलेली पिशवी घेऊन आले आणि त्यांनी ती स्वयंपाकघरात फरशीवर रिकामी केली. काही वाळकं लांबट होती. बाकीची कुठली कोण जाणे. गोल, पिवळीधमक, काहींच्या पिवळ्या अंगावर पट्टे. सगळ्या रानात अशीच सरमिसळ झाली होती.

“ह्ये काय दिलंस मला?” वडिलांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला रडू फुटलं.

वडिलांची नजर परसात गेली, खिऱ्याच्या वेलावर. ते पाकिटातलं बी आहे हे कळल्यावर त्यांना सगळं उलगडलं. हायब्रीड. त्या वर्षांत गावाकडे हा शब्द शिवीसारखा वापरायचे, कारण हायब्रीड ज्वारीची भाकरी कोणाच्याच घशाखाली उतरत नव्हती. पाकीट आणणारा जावई दारात चोरासारखा उभा राहिला.

मला मात्र ते पटेना. खिरा मिसळला असता तर एखादं तरी हिरवं, पाणचट फळ निघायला हवं होतं. तसं एकही नव्हतं. रडता रडता मला ती ओळीने मांडलेली पानं आठवली आणि मी भिंतीपाशी जाऊन अक्काला हाक मारली.

अक्काने आत येऊन एक गोल फळ उचललं, नाकाशी धरलं आणि हसली. “हे तर आमच्या घरचं की,” म्हणाली. मग एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, चव मात्र निम्मी तुमची आहे.

म्हणजे मधमाश्या एवढी वर्षं भिंतीवरून ये-जा करत होत्या. माझ्याकडे एखादं गोल फळ निघालं की अक्काचा वेल इकडे आलाय असं समजून मी ते तिलाच देऊन टाकायची. एका आळ्यात वाढलेला, काकडीच म्हणवणारा खिरा अलिप्त राहिला होता, आणि भिंतीपलीकडचं दोसकाय वाळकाचं सख्खं नात्यातलं निघालं होतं. मला त्याचं इतकं नवल वाटलं की रडणं राहूनच गेलं. सुटका झालेल्या नवऱ्याने लगेच चहा मागितला.

वडील अजून तसेच फळांपाशी बसून होते. दोष कोणाचा याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांना आईचं वाळूक खायचं होतं, आणि ते आता कुठेच नव्हतं.

मला काही सुचेना, म्हणून मी विळी ओढली आणि एकेक फळ कापायला घेतलं. एक फोड मला, एक वडिलांना, एक अक्काला. एक मिळमिळीत, एक आंबट, एक असं कडू की तिघंही मोरीकडे धावलो. वरणात चालतील ती अक्का बाजूला ठेवत होती. चाखायचं, थुंकायचं, पुढचं घ्यायचं. असं करता करता माझा हात थांबला. आई रानात हेच करायची. हातात विळा घेऊन प्रत्येक वेलाचं पहिलं फळ चाखायची, थुंकायची, पुढे जायची. ज्या वेलाचं फळ गोड लागलं, त्याच वेलाच्या पुढच्या फळाला तिची चिंधी. शेजारच्या रानांतली कसली कसली वाळकं तिच्याही वेलांत दर वर्षी मिसळत असणार, आणि त्यातून ती दर वर्षी आपलं वाळूक नव्याने निवडून काढत होती. आणि मी आपली दृष्ट काढत बसले होते.

ढीग संपत आला तेव्हा एक लहानसं, वाकडं, तडकलेलं फळ हाती लागलं. मी पहिली फोड वडिलांना दिली. त्यांनी ती तोंडात टाकली आणि चावायचे थांबले. डोळे भरून आले होते, पुसले नाहीत.

“ह्येला चिंधी बांद,” ते म्हणाले.

बांधायला वेल कुठे होता. मी गरातल्या बिया काढून धुतल्या, राखेत घोळवल्या. वडिलांनी धोतराचा काठ टरकन फाडला आणि त्यात त्या ओल्याच बियांची पुरचुंडी बांधून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. उरलेली फोड माझ्या हातावर दिली.

“तू बी खा. फुडल्या साली चिंध्या बांदायला तुलाच यायचंय.”

मीठ न लावताच मी ती खाल्ली.