सुधाकर वॉलमन मागची सीट पाहतो

सुधाकर सोमकुंवर या वयात बोरगावला बाई पाहायला जातो, ही बातमी पांढुर्ण्याच्या आमच्या गल्लीत एका दुपारी आली आणि संध्याकाळपर्यंत त्या बाईचं वय, जात, शिक्षण सगळं ठरूनही गेलं. पुरावे भक्कम होते. माणूस सलग तीन रविवार दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट घालून सौंसरवरून बोरगावला जाणाऱ्या बसमध्ये बसला. बायको शोभा तीन वर्षांपासून पुण्याला लेकीकडे. म्हणजे घर मोकळं, माणूस मोकळा, आणि नोकरीतूनही नुकताच मोकळा.

चौथ्या रविवारी त्यानं रामाजी टेलरला सोबत नेलं, आणि रामाजीच्या पोटात काही राहत नाही. तेव्हा कळलं की बोरगावात बाई नव्हती, मोटारसायकल होती. जुनी, लांबच्या प्रवासाची, दोन्ही बाजूंना पेट्या आणि समोर काच असलेली. गल्लीची फार निराशा झाली. पण एक सांगायला हवं. सुधाकर ती गाडी पाहत होता अगदी स्थळासारखीच.

सुधाकर नगरपालिकेत वॉलमन होता. रस्त्यातल्या खड्ड्यात लोखंडी चावी घालून पाण्याचा वाल्व खोलायचा, तासाभरानं बंद करायचा, मग पुढची गल्ली. बत्तीस वर्षं हेच. पहाटे चारला तो नसला तर तीन वॉर्डांचं पाणी नसायचं, म्हणून तो कुठं गेलाच नाही. सासुरवाडी नदीपलीकडे सावरगावची, चालत दहा मिनिटांची, पण तिथंही त्यानं कधी मुक्काम केला नाही. लग्नात गळ्यात हार पडला आणि नवरदेव वाल्व बंद करायला निघून गेला, हे सासरे मरेपर्यंत सांगत होते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचा, तोही गर्दीत पाय भाजून संध्याकाळच्याच गाडीनं परत.

शोभानं शाळेच्या पुस्तकात अजिंठ्याच्या लेण्यांचं चित्र पाहिलं होतं. ती वर्षातून एकदा तरी म्हणायची, "एकडाव अजिंठ्याले न्या ना मले."

"रिटायर झालो का नेतोच," सुधाकर म्हणायचा.

मग लेकीचं, श्रुतीचं बाळंतपण निघालं. शोभा सहा महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेली. नातू बसू लागला, रांगू लागला, बोलू लागला, पण सहा महिने काही संपले नाहीत. इकडे सुधाकर रिटायर झाला. झोप मात्र रिटायर झाली नाही. चारला उठून तो दारात बसायचा आणि नळाच्या पाइपाचा आवाज ऐकायचा. नव्या वॉलमननं वाल्व एकदम खोलला, हे त्याला घरबसल्या कळायचं. कळून करायचं काय? सांगायला घरात कोणी नव्हतं.

रोज संध्याकाळी शोभाचा व्हिडिओ कॉल यायचा. ती फोन पिठाच्या डब्याला टेकवून पोळ्या लाटायची. फोन घसरायचा आणि सुधाकरला दिसायचा पुण्याच्या स्वयंपाकघरातला पंखा. तो त्या पंख्याकडे पाहत जेवायचा, मध्येमध्ये "हो" म्हणायचा. फोन सरळ कर, असं त्यानं तिला कधी सांगितलं नाही. कामात आहे बिचारी.

गाडीची कल्पना त्याच पंख्याखाली सुचली असावी. रामाजीनं विचारलंच, "अबे, बायको आणाची आहे तर रेल्वेनं आण. एवढ्या लांब मोटारसायकल नेतं का कोणी?"

"रेल्वेनं आणली तर ते झोपून येईन अन् घरी उतरीन. पंधरा दिवसांनी पोरगी फोन करीन, का परत ये. गाडीनं आणली तर रस्त्यात चार दिवस माही राहीन. अजिंठा होईन, वेरूळ होईन."

चार दिवसांसाठी एवढी गाडी. पण त्याचं सगळं त्या चार दिवसांवरच अडलं होतं.

पहिली गाडी त्यानं पांढुर्ण्यातच पाहिली. ती मालकानं इतकी सजवली होती की लाइट कोणता आणि नुसता झगमगाट कोणता, हे समजेना. दुसरी सौंसरला, जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडे. तिथं सुधाकरनं पिशवीतून आपली सळई काढली. जमिनीखाली पाइप कुठं गळतो हे शोधायची वॉलमनची ती जुनी रीत आहे. एक टोक पाइपावर, दुसरं कानामागच्या हाडावर. त्यानं टोक इंजिनावर टेकवलं आणि डोळे मिटले.

"काका, डॉक्टर आहा काय तुम्ही?" विकणारा म्हणाला.

"आत काही तरी ढिलं आहे. डाव्या अंगाले."

"अजी, टायर पाहा, मायलेज विचारा. आवाज काय ऐकता?"

"आवाजच ऐकत आलो बावा," सुधाकर म्हणाला आणि सळई पिशवीत ठेवली.

बोरगावची गाडी प्रफुल्लची. कारखान्यात नोकरीला असलेला पोरगा. एकदा लद्दाखला जाऊन आला, मग लग्न झालं, मग बाळ झालं, मग बायकोनं अंगणाकडे बोट दाखवून विचारलं की पाळणागाडी कुठं ठेवायची. या इंजिनाचा आवाज सुधाकरनं तीन रविवार ऐकला. थंड असताना, तापल्यावर, बंद केल्यावर. चौथ्या खेपेला पाहायची होती मागची सीट. त्यासाठीच रामाजी.

डॉक्टरनं गुडघ्यासाठी वजन कमी करायला सांगितलं, तेव्हा शोभानं फोनवर आपलं वजन सांगितलं होतं. बासष्ट किलो. सुधाकरनं रामाजीला खताच्या दुकानातल्या काट्यावर उभं करून पाहिलं. बरोबर बासष्ट.

"एका बाजूनं बस," सुधाकर म्हणाला.

"कायले?"

"शोभा एकाच बाजूनं बसते."

"मी काय लुगडं नेसून आलो काय? माह्या भाचीचं सासर आहे या बोरगावात. कोणी पाहिलं म्हणजे?"

"डोळे मिटून बस. मग तुले कोणी दिसणार नाही."

रामाजी बसला. दोन्ही पाय डावीकडे टाकून, टोपी घट्ट धरून, एखाद्या नव्या सुनेसारखा. गाडी हायवेपर्यंत गेली आणि आली.

"गुडघा दुखला काय?"

"कोणता?"

"उजवा. तिचा उजवा दुखते."

"माही तर इज्जत दुखून राहिली," रामाजी म्हणाला.

सीट पसंत पडली. मग सुधाकर मागच्या चाकाजवळ बसून काही तरी शोधू लागला. प्रफुल्लनं विचारलं, "काय पाहता काका?"

"साडीगार्ड कुठं आहे?"

"काका, लद्दाखले जाऊन आलेली गाडी आहे हे. इले साडीगार्ड?"

"लद्दाखले साडी गेली नव्हती ना."

समोर रस्त्यापलीकडेच वेल्डिंगचं दुकान होतं. पेटी काढून जाळी बसवायला तास लागेल, वेल्डर म्हणाला. सळ्या वाकवायला घेतल्या. सुधाकर संत्र्याच्या रिकाम्या क्रेटवर बसला आणि आज पहिल्यांदा त्यानं स्वतःहून शोभाला फोन लावला. भर दुपारी. चेहरा असा की जणू मेरिटमध्ये आला.

"बरं झालं तुम्हीच केला," शोभा म्हणाली. "सांगावंच म्हणत होती. श्रुतीले दिवस गेले. दुसरं आहे."

"अरे वा," सुधाकर म्हणाला.

"डॉक्टरनं आराम सांगितला तिले. आता पुढच्या दिवाळीपर्यंत तरी माह्यानं येणं होत नाही. तुम्ही जेवले काय?"

"हो."

"आवाज कायचा येऊन राहिला?"

"काही नाही. कोणी तरी सळ्या ठोकून राहिला. गुडघा कसा आहे तुहा?"

"आहे तसाच. ठेवू? पोरगं उठलं."

गाडीचं त्यानं सांगितलंच नाही. फोन हातात धरून बसून राहिला. रामाजीनं सगळं ऐकलं होतं; तो टोपी काढून उगीच झटकू लागला. वेल्डर हातातली जाळी घेऊन थांबला. प्रफुल्ल जवळ आला. "काका, नसन घ्यायची तर नका घेऊ. जबरदस्ती नाही."

सुधाकर उठला. गाडीच्या मागच्या सीटवर बसलेली धूळ त्यानं तळहातानं पुसली. एकदा पुसली, मग स्वच्छ होती तरी पुन्हा पुसली.

"लाव," तो वेल्डरला म्हणाला. "पक्की लाव. खड्ड्यात हालली नाही पाहिजे."

परतताना रामाजी न सांगता एका बाजूनं बसला. सौंसर ओलांडलं, संत्र्याच्या बागा गेल्या. पांढुर्ण्याच्या अलीकडे सुधाकर एकदाच म्हणाला, "नीट बसला ना?" रामाजी म्हणाला, "हो." तो प्रश्न आपल्याला नव्हता, हे रामाजीनं नंतर शपथेवर सांगितलं.

गाडी तीन आठवडे दारात उभी राहिली. पहाटे सुधाकर ती चालू करायचा, ऐकायचा, बंद करायचा. गल्लीनं आपलं काम चोख केलं. वीरेंद्र किराणावाल्यानं विचारलं, वहिनीच्या जागी आता हिच्याशीच बोलता का. कोणी सुचवलं की मागच्या सीटवर भाजीची पिशवी तरी बसवा. सुधाकर ऐकून घ्यायचा आणि कपड्यानं काच पुसायचा.

मग एका सोमवारी उजाडताना तो पेट्यांत सामान भरताना दिसला. एका पेटीत त्याचे दोन शर्ट, स्वेटर, ती सळई. दुसरी पेटी रिकामी ठेवून त्यानं कुलूप लावलं. समोरच्या अर्चनाबाई नळावर घागरी भरत होत्या. त्यांच्यानं राहवलं नाही.

"भाऊजी, शोभाताई तर दिवाळीपर्यंत येत नाही म्हणे. मग एवढ्या लांब कायले चालले?"

सुधाकरनं हेल्मेट चढवलं, पट्टा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. मग काच वर करून तो म्हणाला, "येत नाही म्हणाली ते. तुम्ही येऊ नका, असं कुठं म्हणाली?"